बॉयफ्रेंड शर्ट, मुक्काम दवनीवाडा

गोंदियाकडच्या दवनीवाड्यात थ्रिफ्ट स्टोअर नाही. पोलीस ठाणं आहे, धान आहे, वैनगंगेपलीकडे परराज्यही आहे. पण दुसऱ्याने घालून टाकलेला शर्ट हँगरला टांगून, त्यावर अत्तर मारून तिप्पट भावाने विकणारं दुकान अजून उघडलेलं नाही. गावाचा विकास त्यामुळेच अडला आहे, असं परवा एका होतकरू उद्योजकाने मला ऐकवलं.

उद्योजक म्हणजे आपल्याच भागातला पोरगा. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला गेला होता. परीक्षा काही हाती लागली नाही, जुना बाजार लागला. ढिगातून शर्ट निवडायचा, धुऊन इस्त्री करायचा, एखाद्या बारीक मित्राच्या अंगावर चढवून भिंतीपाशी फोटो काढायचा, की ढिगात होता तोवर 'जुना' असलेला शर्ट इन्स्टाग्रामवर 'प्री-लव्ह्ड' होतो. लॉकडाऊनपासून अशी दुकानं गल्लोगल्ली झाली आहेत, म्हणजे मोबाइलमधल्या गल्लीत. तर हा पोरगा महाराष्ट्र एक्स्प्रेसने गावी आला. कोल्हापूर ते गोंदिया, अख्खं राज्य आडवं कापत येणारी ही गाडी. एवढा वेळ बसून राहिलेल्या माणसाला धंद्याची कल्पना सुचली नाही तरच नवल.

रोवणीचे दिवस होते. बांधीत बाया वाकलेल्या, लुगड्यावर पुरुषी फुलबाह्यांचे शर्ट चढवलेले. पोरगा धुऱ्यावर थबकला तो थबकलाच. आपल्याला दिसला असता चिखल, त्याला दिसला 'अर्थी टोन'. उन्हात विटलेली पाठ म्हणजे 'व्हिंटेज वॉश', तेंदूपत्ता तोडताना काट्याला अडकून फाटलेली बाही म्हणजे 'डिस्ट्रेस्ड'. आणि खांद्यावरून ओघळणारा तो ढगळ शर्ट म्हणजे साक्षात 'ओव्हरसाइझ्ड बॉयफ्रेंड शर्ट'. वस्तुतः तो तिच्या नवऱ्याचा होता; पण तसं लिहिलं तर भाव पडतो.

या शर्टाचं चरित्र कोणी लिहिलेलं नाही. नागपूरच्या भाच्याने सोडला, घरधन्याने चार लग्नांत मिरवला, मग मंडईच्या जत्रेत दंडार पाहायला रात्रभर घातला, मग रोजच्याला. कॉलर उसवल्यावर बाईकडे आला. तिच्यानंतर तो गोधडीत जाणार किंवा ट्रॅक्टरचं ऑइल पुसणार. इथे पूर्वीपासून हे असंच चालतं आणि त्यासाठी कोणी 'सस्टेनेबल' म्हणून पाठ थोपटलेली नाही. उलट लग्नात कोणी हळूच विचारलं, "कोनाचा घालून आली वं?" की मान खाली जायची. आता मान ताठ ठेवायला फक्त पाच पट पैसे द्यावे लागतात.

पोराने मालाचे साठे हेरून ठेवले आहेत. पहिला, निवडणुकीचे टी-शर्ट. आपल्या भंडारा-गोंदिया मतदारसंघाइतका श्रीमंत साठा क्वचितच कुठे असेल. 2014 ला नाना पटोले कमळावर निवडून आले, 2017 च्या डिसेंबरात राजीनामा देऊन पुढे काँग्रेसमध्ये गेले, 2018 ला पोटनिवडणूक झाली आणि जागा राष्ट्रवादीकडे गेली. पॉलिस्टर मात्र जागचं हललं नाही. निष्ठेपेक्षा टिकाऊ कापड, ही जाहिरात त्याने लिहूनसुद्धा ठेवली आहे. दुसरा साठा, शहरोशहरी असलेली माणुसकीची भिंत. हवं असेल त्याने न्यावं असं तिथे लिहिलेलं असतं. "मले तर सारंच पायजे," पोरगा म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

या धंद्यात एक बाई कधीपासूनच आहे, हे त्याला सांगून पाहिलं. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली घेऊन फिरणारी बोहारीण. तीन साड्या, दोन पँटी आणि तासभर भांडण घेऊन ती एक डबा द्यायची. तो माल गाठोड्यांतून मोठ्या शहरांच्या जुन्या बाजारांत जातो. दिल्लीच्या रघुबीर नगरात तर उजाडायच्या आत सौदे होतात. घालण्याजोगं विकलं जातं, उरलेल्या चिंध्यांचं काहीतरी होतं. पानिपतात तर परदेशी लोकरी चिंध्या पिंजून नवं सूत आणि ब्लँकेटं होतात. यात सरकारचंही लक्ष आहे. वापरलेले कपडे परदेशातून परवान्याशिवाय आणता येत नाहीत. चिंध्या आणता येतात, फक्त त्या पुन्हा घालता येणार नाहीत इतक्या फाडलेल्या हव्यात. फाडल्यावर कपड्याची किंमत जाते असं मानणारं देशातलं शेवटचं खातं म्हणजे सीमाशुल्क. जीन्सच्या दुकानात त्यांना अजून कोणी नेलेलं नाही.

बोहारणीचं ऐकून पोरगा विचारात पडला. "तिचं पेज हाय का?" त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर तिचा विषय संपला. ती दारात आली की वॉचमनला हाक मारणारी सोसायटी तोच कपडा कुरिअरने आला की खोका उघडतानाचा व्हिडिओ काढते, हे बोहारणीला कळलं तर तीही टोपली ठेवून फोन घेईल.

जीएसटीचा नियमसुद्धा त्याने पाठ केला आहे. परीक्षेचा अभ्यास असा कामी आला. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरता येतो, वस्तूवर किरकोळ प्रक्रिया केली तरी चालते. फरक उणे निघाला, म्हणजे तोटा झाला, तर तो 'दुर्लक्षित करावा' असं नियमातच आहे. विदर्भातल्या शेतकऱ्याला ही सवलत कित्येक वर्षं मिळते आहे.

शेवटी तो बांधीत उतरला. सगळ्यात विटलेला शर्ट घातलेल्या काकीला त्याने पन्नास रुपये देऊ केले.

"कायले पायजे तुले हा?" काकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

पोरगा बोलून गेला. पुण्याला आठशेला जातो म्हणाला.

बांधीत शांतता पसरली. बायांनी आपसांत काहीतरी ठरवलं. मग काकी म्हणाली, "असं कर बाबू, हा राहू दे. तू नवेच आन पन्नास शर्ट. एका रोवणीत जुने करून देतो. रोजी हाय ते, शर्टामागं शंभर वरून."

"आणि बाही फाडून?"

"फाडाचे येगळे. चिखल तुहा."