एकास बहात्तर

जालन्यात सगळा व्यवहार टनात. सळई टनावर, भंगार टनावर, मोसंबीसुद्धा टनावर. सोनार सोडले तर इथे ग्रॅमच्या हिशेबाने जगणारी जमात एकच: प्लास्टिकची लढाऊ विमानं जोडणाऱ्या काकांची.

काकांचं प्रमाण ठरलेलं, एकास बहात्तर. म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो आणि ११.२३ मीटर पंखांचं स्पिटफायर वीतभरही भरत नाही. खोक्यातून सुटे भाग प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेलेच निघतात. ते नेलकटरने तोडायचे, पॉलिशपेपरने घासायचे, जोडायचे आणि पंख सुटू नयेत म्हणून काकूंचे कपड्यांचे चिमटे लावायचे. त्या दिवशी गच्चीवरच्या चादरी शेजाऱ्यांकडे उडत जातात. विमान मात्र जागचं हलत नाही.

कॉकपिटच्या काचेला फेव्हिक्विक लावू नये, काच पांढरट पडते, हे ज्ञान पाहुण्याला चहाच्या आधी मिळतं. हवाई दलाची गोल चिन्हं पाण्यात भिजवून कागदावरून अलगद पंखावर सरकवायची असतात. तेवढा वेळ घरातला पंखा बंद. मे महिना, जालना, आणि पंखा बंद! पाहुणे निथळतात, काका श्वास रोखतात.

“काका, काय करायलेत हे या वयात?” असं कुणी विचारलंच, तर काका इतिहासात शिरतात. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. निजामाने देणगी दिली म्हणून ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘हैदराबाद’ हे नाव मिळालं. १९४० साली हिचीच स्पिटफायर इंग्लंडच्या आकाशात जर्मनांशी भिडली. स्क्वाड्रनच्या बोधचिन्हावर चक्क निजामाची पगडी!

“आणि निजामाकडं पैसा आला कुठून? आपल्या आज्याच्या शेतसाऱ्यातून. म्हणजे विमान आपलंच की!”

शोकेसमध्ये शेजारीच टेम्पेस्ट उभं असतं. सप्टेंबर १९४८च्या पोलीस ॲक्शनमध्ये आपल्या हवाई दलाने हीच विमानं निजामावर धाडली. त्यामुळे १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, काका झेंडावंदन करून येतात, टेम्पेस्ट पुढे घेतात आणि स्पिटफायर मागे सारतात. अठरा तारखेला स्पिटफायर पुन्हा पुढे. देशभक्ती आपल्या जागी, आज्याचा पैसा आपल्या जागी.

गल्लीतली पोरं खिडकीतून विचारतात, “काका, उडतंय का?” काका दुखावतात. उडणारी खेळणी जत्रेत मिळतात, असं सुनावून ते पुन्हा पॉलिशपेपर उचलतात.

हिशेब पक्का आहे तो काकूंचा. चिमटे मोजून परत घेताना त्या म्हणतात, “तेव्हा शेतसारा गेला, आता पेन्शन चालली. बसायला विमान तेव्हाही मिळालं नाही अन् आताही नाही.”