भाऊ अजून दिल्लीतच

मी इतिहास शिकवतो. निदान वेळापत्रकात तसं लिहिलेलं आहे. सातवी ‘ब’, चौथा तास, ३५ मिनिटं.

सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये पटदूरहून निघाले आणि ऑगस्टात त्यांनी दिल्ली घेतली. वाटेत चंबळ, वरून पावसाळा, सोबत बुणग्यांचा आणि यात्रेकरूंचा तांडा, तरी पाचेक महिन्यांत पोचले. माझ्या वर्गात त्यांना नुसतं उदगीरहून पटदूरला यायला तीन तास लागले. वाटेत डस्टर होतं.

मंगळवारचंच सांगतो. घंटा झाली तेव्हा गणिताच्या बाई आतच होत्या. “दोनच मिनिटं हं सर, गृहपाठ तेवढा देते.” गणिताच्या माणसाला दोन म्हणजे किती हे कळायला हरकत नाही, पण मी दाराबाहेर पाचपर्यंत मोजलं. आत गेलो तर अख्खा फळा समीकरणांनी भरलेला आणि कोपऱ्यात चौकट आखून लिहिलेलं, ‘पुसू नये’. बाई तोवर जिना उतरून गेल्या होत्या. मी धीर करून विचारलं, “डस्टर कुठाय?”

“सर, ‘क’मध्ये.”

आमचं डस्टर नेहमी ‘क’मध्येच का असतं, हे विचारायचं गेली अकरा वर्षं राहूनच गेलंय. आणायला दोघं गेले. एक जण डस्टर आणतो आणि दुसरा त्याला एकटं वाटू नये म्हणून जातो. परत आले तेव्हा तिघं होते. तिसरा त्यांना मुतारीपाशी भेटला होता.

मग मी फळ्यावर ‘पानिपत’ लिहिलं आणि घोडचूक केली. फळ्यावर अक्षर उमटलं की सातवी ‘ब’ ऐकणं थांबवते आणि वह्या उघडते.

“सर, नवीन पानावर?”

“हो.”

“सर, माझं अर्धं पान शिल्लक आहे.”

“मग त्यावर लिही.”

“सर, मग आम्ही नवीन घेतलं ते?”

“सर, शीर्षक लाल पेनानं?”

“सर, तारीख कुठली टाकायची?”

“१४ जानेवारी १७६१,” मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. आता रणात उतरायचंच, असा माझा निश्चय झाला होता.

“सर, आजची.”

समास आखणं हा तर स्वतंत्र विषय आहे. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी जिभेचं टोक बाहेर काढून, डाव्या हातानं पट्टी घट्ट दाबून आधी तांबडी रेघ ओढते. तिला खेटून हिरवी. मग दोन्हींच्या मधे बारीक टिपके देते, वरून खालपर्यंत, एकही न चुकवता. तिच्या पानावर पुढे काही लिहिलं जाईल की नाही देव जाणे, पण काठ पैठणीचा असतो. तिला “पुरे आता” म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बाकीचे पट्टी मागत चार बाकं फिरून येतात, त्यांना म्हणतो.

एवढ्यात शिपाईमामा सूचनावही घेऊन आले. ज्यांचं आधारवरचं नाव जनरल रजिस्टरातल्या नावाशी जुळत नाही त्यांनी कार्यालयात भेटावं, असं मी वाचून दाखवलं. नऊ जण उभे राहिले. त्यांतले चौघे नुसते कार्यालयात जायला मिळावं म्हणून. मामा जातात तोच दारात एक आजी. “पोरगं डबा विसरलं हो गुरुजी, उपाशी राहील.” भरल्या वांग्याचा वास सगळ्या वर्गात पसरला. पानिपतावर मराठ्यांची रसद तुटली, हे मी सांगणार होतो. सातवी ‘ब’ची कधीच तुटत नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९चा. त्यानुसार सहावी ते आठवीला वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन व्हायला हवं. त्याच कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडल्या तर शिक्षकाला शिक्षणाबाहेरचं काम लावता येत नाही. कायदा करणारे हुशारच, पण त्यांना डस्टर ठाऊक नसावं.

आणि सगळा दोष पोरांवर ढकलून मी मोकळा होणार नाही. उरलेल्या दहा मिनिटांत भाऊंना यमुनेकाठी नेऊन उभं केलं असतं. पण पहिल्या बाकावरच्या एका बेरकी पोरानं गोड आवाजात विचारलं, “सर, तुमच्या वेळी शाळा कशी होती?” हे जाळं आहे हे मला कळतं, तरी दर वेळी मी त्यात पाय देतो. आमच्या वेळी डस्टर आणायला कोण जायचं, इथपासून मी सुरुवात केली. दुसरा, नुसता सोबतीला जाणारा, तो मीच असायचो.

शेवटच्या मिनिटाला भाऊ दिल्लीत शिरले आणि घंटा झाली. वार्षिक परीक्षा तोंडावर आली आहे. कुंजपुरा घ्यायचाय, अब्दालीला यमुना उतरू द्यायचीय, आणि त्यानंतर कुठे पानिपत. सातवी ‘ब’च्या पालकांना एवढीच विनंती, की डबा सकाळीच दप्तरात घाला, आणि जमलं तर एक पट्टीही.