चुन्याची डबी

"आणखी काही गोळ्या चालू आहेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही हो, बाकी काही नाही."

खोटं बोलायचा माझा मुळीच विचार नव्हता. थायरॉइडची आणि लोहाची गोळी त्यांनीच दिलेली, ती त्यांच्या कागदावर होतीच. पर्समध्ये कॅल्शियमची पट्टी होती खरी. पण कॅल्शियम हे काय औषध झालं? घरात किती माणसं, असं कुणी विचारलं तर आपण मांजर मोजतो का? शेजारणीनं सुचवलं, दुकानदारानं चिठ्ठी न मागता दिलं, आणि गुडघ्यांच्या नावानं ते आमच्या घरात राहायला आलं.

रिपोर्टात टीएसएच नऊच्या घरात होता. या तपासणीचा न्याय उलटा असतो. आकडा चढला की थायरॉइड कमी पडतंय असं समजायचं. मागच्याच खेपेला गोळी पन्नासाची पंचाहत्तर झाली होती, तरी आकडा जागचा हलायला तयार नाही. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं गृहपाठ हरवल्याचं सांगणाऱ्या मुलाकडे बाई बघतात.

"एकही दिवस चुकवत नाही ही," यांनी साक्ष दिली. "सहाचा गजर मीच लावतो."

"आणि गोळीनंतर?"

"नंतर चहा. आणि चहाबरोबर लगेच कॅल्शियम. म्हणजे दिवसभराची कटकट नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

मग कळलं ते असं. थायरॉइडची गोळी मोठी सोवळ्यातली. तिला उपाशी पोट लागतं, सोबत साधं पाणी, आणि चहासुद्धा अर्ध्या-पाऊण तासानंतरच. कॅल्शियमचा स्वभाव नेमका उलटा. लग्नात एखादी मावशी दारातच हात धरते, "अगं किती दिवसांनी!" म्हणते, आणि पंगत उठेपर्यंत सोडत नाही, तसं ते. पोटात थायरॉइडची गोळी भेटली की गळ्यात पडतं, आणि दोघी रक्तापर्यंत न पोचता मागच्या दारानं घराबाहेर. म्हणून दोघींमध्ये चार तासांचं अंतर हवं.

लोहाच्या गोळीलाही ते वाट देत नाही. तिथे निदान दोन तास. काही अँटिबायोटिकांना तर ते असं पकडतं की त्या पकडीला शास्त्रानं 'चिलेशन' असं नाव दिलंय. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी! मला आमच्या घरची जुनी रीत आठवली. अँटिबायोटिक उष्ण पडतं, म्हणून वर पेलाभर दूध. यांच्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या प्रत्येक गोळीवर मी मायेनं दूध पाजलं होतं. म्हणजे पेल्यातून नांग्याच वाढत होते. त्या गोळीनंतर दोन तास तरी कॅल्शियम घ्यायचं नाही. आधी घेतलं असेल तर सहा तास थांबायचं.

"तुम्ही नाही ना घेत?" डॉक्टरीणबाईंनी यांना विचारलं.

हे गप्प. मग हळूच म्हणाले, "हिच्या जुन्या पट्टीची तारीख जवळ आली होती. वाया जाऊ नये म्हणून..."

यांना ब्लडप्रेशरसाठी थायझाइड चालू आहे. ते लघवीवाटे कॅल्शियम कमी जाऊ देतं. त्यावर गोळ्यांची भर घातली तर रक्तात साठा वाढू शकतो. शिवाय यांची सकाळची पँटोप्राझोल पोटातलं आम्ल कमी करते, आणि साधं कॅल्शियम कार्बोनेट विरघळायला तर आम्लच लागतं. अशांना सायट्रेट बरं पडतं, पण तेही डॉक्टरांनी सांगितलं तर. थोडक्यात, चाळीस रुपये वाया जाऊ नयेत म्हणून यांनी तीन डॉक्टरांची मेहनत वाया घालवायची तयारी केली होती.

घरी येऊन पट्टीमागची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, त्यात खरं कॅल्शियम ५००. एका वेळी शरीर साधारण तेवढंच नीट घेतं. म्हणून दोन गोळ्या एकदम गिळून दुप्पट मजबूत होता येत नाही, बद्धकोष्ठ मात्र होतं. आणि कार्बोनेट म्हणजे काय, तर चुनखडी. आमच्या जुन्या घरातली शहाबादी फरशी त्याच जातीची. १८०८ साली हम्फ्री डेव्हीनं हे मूलद्रव्य वेगळं काढलं आणि नाव दिलं ते चुन्याच्या लॅटिन शब्दावरून. म्हणजे इतके महिने रोज सकाळी सातला मी स्वतःच स्वतःला चुना लावत होते!

यांनी लगेच फ्रिजवर एसटीचं वेळापत्रक लावलं. सहाला थायरॉइड. अकराला लोह, लिंबाच्या सरबताबरोबर. दुपारी दीडला जेवणात कॅल्शियम. नणंद आली होती, तिनं ते वाचून स्वतःचंही कळवलं: तिची हाडांची गोळी आठवड्यातून एकदा, शनिवारी, उपाशीपोटी भरपूर पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही की काही खायचं नाही. दर शनिवारी ती खुर्चीत अशी ताठ बसते की येणाऱ्याला वाटावं फोटोग्राफर यायचाय.

परवा माळा आवरताना सासूबाईंचा पितळी पानाचा डबा सापडला. सुपारी, कात, लवंग सगळी एकाच ताटलीत शेजारीशेजारी नांदायची. चुना मात्र वेगळ्या, घट्ट झाकणाच्या डबीत. जेवण झाल्याशिवाय ती डबी उघडायची नाही. उघडली तरी बोटाच्या टोकावर येईल तेवढाच. जास्त झाला की जीभ भाजलीच. मी नवी नवरी असताना एकदा ती डबी काताच्या खणात ठेवली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसती उचलून बाजूला ठेवली.

डबी घासूनपुसून ठेवली आहे. कॅल्शियमची गोळी तिच्यात मावते, पण झाकण बसत नाही. तरी जेवणाच्या टेबलावर, बाकी औषधांपासून हातभर लांब, ती आता तिथेच असते.