काळी गाडी, पिवळा जिल्हा

एमएच ३८ म्हणजे हिंगोली. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळं निघून आम्ही स्वतंत्र जिल्हा झालो आणि यथावकाश नंबरप्लेटवरचा बावीस जाऊन अडतीस आला. त्या अडतीसच्या मागे कोणत्या रंगाची गाडी असावी याचा नियम कुठंही लिहिलेला नाही, तरी सगळ्या जिल्ह्याला तो तोंडपाठ आहे. पांढरी. पुढाऱ्याची पांढरी, डॉक्टरची पांढरी, गुत्तेदाराची तर पांढरीच. आणि तीही एवढी दणकट, की आपणच केलेल्या रस्त्यावरून जाताना त्याला खड्डे लागू नयेत.

काळी घेणाऱ्याचा मात्र जबाब घेतला जातो. पेढा तोंडात असतानाच पहिला प्रश्न येतो, "काळीच कामून घेतली?" पांढरी घेणाऱ्याला कुणी "पांढरीच कामून" असं विचारत नाही, त्याला ॲव्हरेज विचारतात. माझे गावाकडचे मामा गाडी बघायला आले. एक चक्कर मारली, टायरला चपलेनं टोचून पाहिलं आणि म्हणाले, "म्हैस काळी असती म्हणून तिला दुपारच्याला डोहात बसू देतेत. हिला कुठं बसवशील?"

मामांचं शास्त्र पक्कं होतं. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेनं २०११ साली छापलेल्या एका अभ्यासात हेच केलं होतं, फक्त म्हैस न आणता. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एक काळी आणि एक चंदेरी, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या जुलैतल्या उन्हात उभ्या केल्या. काळीचं छत चंदेरीपेक्षा २५ अंशांपर्यंत जास्त तापलं आणि आतली हवा पाच-सहा अंशांनी. सॅक्रामेंटोत हा निष्कर्ष असेल. आमच्याकडे मे महिन्यात पारा मुळात बेचाळीस-त्रेचाळीसवर बसलेला असतो, त्याच्यावरचे पाच-सहा अंश म्हणजे निव्वळ आगाऊपणा.

दुपारी दोनला कचेरीतलं काम उरकून काळ्या गाडीत बसणं हा एक विधी आहे. खिशातली दस्ती काढून हाताभोवती गुंडाळायची, दाराची मूठ ओढायची आणि मागं सरकायचं, कारण आतली हवा आधी बाहेर पडते. मग चारही दारं उघडून लिंबाखाली उभं राहायचं. जाणारा-येणारा विचारतो, "कुणाची वाट बघायलाव?" गाडीची, असं सांगितलं तर तो गाडीकडे बघतो, मग आपल्याकडे बघतो. त्यानंतर सीटवर टेकायचं, पण पाठ न टेकवता. आणि बेल्टच्या कडीला दस्तीशिवाय हात लावायचा नाही. लिंबाखालीच गाडी लावली तर? लावतो की. मग वरून मोहोर, काड्या आणि कावळे-मैनांची कृपा. पांढऱ्या गाडीला फक्त जांभळं पिकण्याच्या दिवसांत त्यांना भ्यावं लागतं. काळीला बारा महिने.

सौभाग्यवतींचं म्हणणं आणखी थोडक्यात असतं. "आम्ही काळं नेसतो ते संक्रांतीला, एक दिवस, आणि तेही थंडीत. तुम्ही बारा महिने नेसलात."

काचांना काळी फिल्म लावून थोडा थंडावा मिळवावा, तर तोही रस्ता बंद. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं गाड्यांच्या काचांवर अशी फिल्म चिकटवायलाच मनाई केली. म्हणजे गाडी हवी तेवढी काळी चालेल, काच नको. फिल्म काढली तेव्हा कळलं, की आत बसून मी काय खातो यात गल्लीला किती रस होता.

कंपन्यांना मात्र काळ्याला नुसतं काळं म्हणायचा धीर होत नसावा. महिंद्राचा काळा 'नेपोली', टाटांचा 'ओबेरॉन', टोयोटाचा 'ॲटिट्यूड', मारुतीचा 'मिडनाइट' आणि तोही मोत्याचा. नेपोली हे इटलीतलं गाव, शेजारी व्हेसुव्हियस ज्वालामुखी. त्या नावाला आधी मी हसलो होतो, मग वाटलं की सगळ्यांत जवळचं नाव तेच आहे. आमचा जवळजवळ अख्खा मराठवाडा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर बसलेला. औंढ्याचं नागनाथाचं देऊळ त्याच काळ्या पाषाणाचं आणि सोयाबीन पिकवणारी काळी मातीही त्याच पाषाणाची.

त्या मातीवरून लोकांची एक समजूत असते, की काळ्या मातीच्या मुलखात काळी गाडी खपून जाईल. ती माती ओली असते तोवरच काळी. चाकानं उडून दारावर बसली, ऊन लागलं, की राखाडी पडते. मग गाडीला गुडघ्यापर्यंत राखाडी मोजे चढतात. धुवायला बोअरचं पाणी घ्यावं तर ते असं जड, की थेंब वाळला की जागच्या जागी पांढरी टिकली सोडून जातो. सकाळी चिखल असतो, दुपारी टिकल्या असतात. काळी गाडी काळी दिसते ती धुणं आणि वाळणं यांच्या मधल्या वेळात, आणि तेवढ्या वेळात ती अशी काही दिसते, की पांढरीवाले शेजारी चहाचा कप हातात घेऊन फाटकापर्यंत येतात.

पण आमच्या जिल्ह्याचा खरा रंग मार्चनंतर लागतो. हळद! शेतातून निघाली, कुकरमध्ये उकडली, अंगणात वाळली, की ढोलात घालून तिला पॉलिश करतात. सालीचा तो पिवळा भुगा हवेत उठतो आणि वाऱ्याला नको असेल तिथं येऊन बसतो. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटकडे आणि वसमतच्या मोंढ्याकडे लागतात. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं, म्हणजे आता माझ्या बॉनेटवर बसते ती साधी धूळ नव्हे. पांढऱ्या गाडीवर ती फिकट डाग म्हणून दिसते. काळीवर मात्र टपापासून टायरपर्यंत पिवळा थर चढतो, आणि काळ्यावर पिवळा म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायची गरज नाही.

मुंबईत काळी-पिवळी म्हटलं की पद्मिनी टॅक्सी. तिची वीस वर्षांची मुदत संपून शेवटची गाडी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली तेव्हा पेपरांत अग्रलेख आले. आमच्याकडे काळी-पिवळी म्हणजे तालुक्या-तालुक्याला धावणारी जीप, जिच्यात जागा नसते आणि तरी आणखी दोघं बसतात. तिच्यावर अग्रलेख येत नाहीत, कारण ती अजून भरायची बाकी आहे.

एका एप्रिलात मोंढ्याच्या बाजूनं औंढ्याला निघालो होतो. धोतर, टोपी, हातात पिशवी, असे एक आजोबा रस्त्याच्या मधोमध येऊन हात करू लागले. "औंढ्याला जायलाव का?" जातोय म्हटलं. ते बसले, आणि त्यांनी मागं वळून हाक मारली तेव्हा झाडामागून आणखी तिघं निघाले. कुणी किती दाटून बसायचं हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. एक बाई गिअरजवळ सरकून मला म्हणाल्या, "भाऊ, आणखी एक मावतो, थांबा." रस्ताभर मला बाजारभाव, पावसाचा अंदाज आणि एका सोयरिकीची आतली बाजू कळली. औंढ्यात उतरल्यावर आजोबांनी मोजून पैसे पुढं केले. मी नको म्हटलं तर त्यांचा चेहरा बदलला. फुकट नेणारा जीपवाला त्यांनी पाहिला नव्हता. पैसे डॅशबोर्डवर ठेवून ते म्हणाले, "परतीची कवा सुटल?"

चारची सुटली. ते वेळेवर आले होते.

त्याच औंढ्याच्या पंचक्रोशीत लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात, आत निर्वात नळ्या, आणि कोट्यवधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की त्याची थरथर इथं ऐकायची. केंद्र सरकारनं २०२३ च्या एप्रिलमध्ये तिला मंजुरी दिली, २६०० कोटी रुपयांची. घरात माझ्या रंगाच्या निवडीवर कुणी बोललं, की मी हा आकडा सांगतो. काळ्यावर सरकार एवढे घालतंय. माझे तर नुसते हप्ते आहेत.

हळदीचा थर निघतो, पण कसा निघतो हे महत्त्वाचं. वॉशिंग सेंटरवरच्या पोरानं बादलीत सढळ हातानं धुण्याची पावडर टाकली, फडकं फिरवलं, आणि पिवळे ओघळ बघता बघता लाल झाले. पोरगं दचकून मागं सरलं. "काका, गंज निघाला का काय हो!" गंज नव्हता. हळदीतल्या कुर्क्युमिनला क्षार लागला की ते लाल होतं. घरोघरच्या आज्यांनी हळदीत चुना कालवून कुंकू केलं ते याच गुणावर. घरी आलो तेव्हा दाराच्या फटींत आणि नंबरप्लेटच्या कडेला लाली राहिली होती. सौभाग्यवतींनी नीट निरखून पाहिलं. "हळद झाली, कुंकू झालं. ओटी तेवढी भरायची राहिली."

आता मी पावडर वापरत नाही. साध्या पाण्यानं भुगा काढतो आणि उरलेली पिवळी छटा उन्हावर सोडतो, कारण उन्हात हळदीचा रंग टिकत नाही. ज्या उन्हानं गाडी भट्टी होते तेच ऊन तिची हळद उतरवतं. तेवढ्यापुरतं माझं उन्हाशी बरं आहे.

कोरड्या फडक्याचं मात्र काही खरं नाही. धुळीत वाळूचे बारीक कण असतात, वरच्या पारदर्शक लेपापेक्षा कठीण. एकदा फडकं फिरलं की शेकडो ओरखडे. सकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेटकडे बघितलं तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्यानं विणल्यागत वर्तुळं दिसतात. खरं तर ओरखडे सगळ्या दिशांना असतात. सूर्याभोवतीच्या वर्तुळात बसतील तेवढेच चमकतात. पांढरीवरही हेच होतं, पण तिची झाकली मूठ. आमच्या गल्लीतल्या पोरांनी तर धुळीवर बोटानं सातचा पाढा लिहिला. धूळ गेली, पाढा राहिला. सांजेच्या उन्हात डाव्या दारावर 'सात सक बेचाळीस' स्वच्छ वाचता येतं. पुढं 'सात साते' गाळून एकदम 'सात आठे' आहे, तेवढं मनाला लागतं.

तरी पावसाळा उघडला की मी गाडी मुद्दाम उघड्यावर धुऊन ठेवतो. सिद्धेश्वर धरणाकडून म्हणा, कयाधूकडून म्हणा, चतुर उडत येतात. एखादा बॉनेटवर घिरट्या घालतो, खाली येतो, शेपटीचं टोक टेकवतो, उठतो, पुन्हा टेकवतो. नाव चतुर, आणि अंडी घालायला जागा निवडली लोखंडाची! पण त्याची चूक नाही. हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिलंय, की पाण्यात अंडी घालणाऱ्या कीटकांना पाणी ओळखू येतं ते आडव्या ध्रुवीकरण झालेल्या प्रकाशावरून, आणि काळ्या किंवा लाल चकचकीत गाडीवरून अगदी तसाच प्रकाश परततो. पांढरी गाडी त्यांना पाणी वाटत नाही. पाण्यासाठी टँकरची वाट बघणाऱ्या मुलखात आपल्या बॉनेटला कुणीतरी तळं समजतं, याचा मला उगाच अभिमान वाटतो. अंडी मात्र पाण्यानं हळूच काढून टाकावी लागतात. उन्हात वाळली तर रंग खातात.

एका बाबतीत चेष्टा नको. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या अभ्यासात काळ्या गाड्यांना पांढऱ्यांपेक्षा दिवसाउजेडीही अपघाताचा धोका सुमारे १२ टक्के जास्त आढळला, आणि संधिप्रकाशात त्याहून अधिक. उसाच्या दिवसांत आमच्या रस्त्यांवर मागं दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात. दिवेलागणीला ट्रॉली मला दिसत नाही आणि मी तिला दिसत नाही. त्यामुळं मी दुपारी चारपासूनच दिवे लावतो. समोरचा प्रत्येक मोटरसायकलवाला हाताची बोटं उघडून-मिटून मला दिवे चालू असल्याची खूण करतो. मी हात वर करून आभार मानतो आणि दिवे चालूच ठेवतो.

दसऱ्याला आईनं नेहमीप्रमाणे लिंबू-मिरची बांधली. काळी बाहुली मात्र परत डब्यात ठेवली. "गोऱ्या लेकराला तीट लावावी. हिला कसली लावू?" लिंबू दोन दिवसांत वाळून खडखडलं. दृष्ट उतरली, असं आईचं मत. बंपर तापतो, असं माझं.

आता गाडी बदलायची बोलणी चालू आहेत. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्यानं गाडी पाहिली, पाढा वाचला आणि म्हणाला, "सर, पांढरी असती तर गिऱ्हाईक दारात उभं होतं." मी नव्या गाड्यांची रंगीत माहितीपत्रकं घरी आणून पसरली. सौभाग्यवतींनी काळ्याचं पान न बघताच उलटलं.

"या बारीला पिवळी घ्या. हळद तरी दिसायची नाही."

"आणि पावसाळ्यात? काळा चिखल?"

"मग होईल की काळी-पिवळी. पैसे घेत जा फक्त."