हनीमूनची खोली : एक शास्त्रोक्त मार्गदर्शिका

लग्न जमवताना आपल्याकडे छत्तीस गुण तपासतात. लग्नानंतरची पहिली खोली मात्र एका फोटोवर ठरवतात, आणि तो फोटोही हॉटेलवाल्यानेच काढलेला असतो. या शास्त्राची अशी हेळसांड पाहवेना, म्हणून प्रस्तुत लेखिका खालील नियम नवविवाहितांच्या हाती देत आहे. समुद्रातली उष्ण बेटं जगात पुष्कळ आहेत. मालदीवमध्ये बहुधा एका बेटावर एकच हॉटेल असतं, तेव्हा तिथे निवड खिसाच करतो, शास्त्राला वाव नाही. म्हणून उदाहरणादाखल अंदमान घेतलं आहे, आणि त्यातही हॅवलॉक. बोटीच्या तिकिटावर तुम्हाला 'स्वराज द्वीप' दिसेल, कारण 2018 च्या डिसेंबरपासून सरकारी नाव ते आहे. पोर्ट ब्लेअरसुद्धा 2024 पासून श्री विजयपुरम झालं आहे. दोन्ही नावं आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर लेक भलत्याच गावाला पोचली म्हणून ती हवालदिल होईल.

या नियमांमागची अधिकारी व्यक्ती म्हणजे आमचे हे. बँकेतून निवृत्त झालेत. नोकरीत असताना एलटीसीवर अंदमान पाहून आले आणि तेव्हापासून डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत कुणाचंही लग्न ठरलं की मुलगा पेढ्यांचा पुडा घेऊन यांच्याकडे सल्ल्याला येतो. आमचा स्वतःचा हनीमून महाबळेश्वरला झाला. खोलीत शिरल्याबरोबर ह्यांनी पहिली चौकशी केली ती गरम पाण्याची बादली किती वाजेपर्यंत मिळते याची. पुढच्या संसाराचा अंदाज मला तेव्हाच यायला हवा होता.

नियम पहिला : मुहूर्त दोन असतात. एक लग्नाचा, एक हवेचा, आणि त्यांचं आपसात पटत नाही. आपल्याकडे तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लागायला लागतात. नेमक्या त्याच नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे दिवस असतात आणि ईशान्य मोसमी पाऊस अंदमानात मुक्कामाला असतो. लग्नांची दुसरी लाट मे महिन्यातली. 'मान्सून अंदमानात दाखल' ही बातमी वाचून इकडे आपल्याला हायसं वाटतं. ती बातमी साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात येते, आणि त्या वेळी अंदमानात जी जोडपी दाखल असतात त्यांना काय वाटतं हे कुणी छापत नाही. जानेवारी ते एप्रिल उत्तम. ज्यांचा मुहूर्त तसा निघत नाही त्यांनी लग्न करून घ्यावं आणि हनीमून महिना-दोन महिने पुढे ढकलावा. त्यात काही बिघडत नाही. उलट तोवर एकमेकांच्या घोरण्याची सवय होते.

नियम दुसरा : समुद्र किती वाजता आहे ते विचारा. हा नियम सर्वांत महत्त्वाचा, आणि तो पूर्णपणे ह्यांचा. आमच्या पुतणीचं ठरलं तेव्हा जावईबापू लॅपटॉप घेऊन आले होते. तीन महिने अभ्यास करून त्यांनी हॉटेलांचा तक्ता केला होता, रंगीत. लाल, पिवळा, हिरवा. हिरव्यातलं एक दाखवून म्हणाले, "काका, हे बीचवरच आहे. खोलीतून उतरलं की समुद्र."

"किती वाजता?" ह्यांनी विचारलं.

जावईबापू गोंधळले. "नाही, म्हणजे समुद्र आहेच ना तिथे."

"तो सकाळी असेल. दुपारी कुठे असतो?"

मग भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरलं. आमचं सासर गुहागरकडचं. तिथे भरतीची वेळ काढायला तिथीला पाऊणने गुणतात. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास भरती. हा हिशोब कोकण किनाऱ्याचा. अंदमानातल्या वेळा वेगळ्या, त्या तिथल्या तक्त्यातच पाहायला लागतात. पण मूळ मुद्दा पक्का आहे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती चढते जास्त आणि ओहोटीला पाणी मागे जातंही जास्त. हॅवलॉकच्या पूर्व बाजूला, म्हणजे गोविंदनगर, विजयनगरच्या किनाऱ्यावर, बेटावरची बरीचशी हॉटेलं आहेत आणि तिथला समुद्र उथळ आहे. ओहोटी लागली की पाणी लांब सरकतं आणि मागे उरतात खडक, मेलेली प्रवाळं आणि इकडेतिकडे पळणारे खेकडे. त्यात पोहता येत नाही. फोटोतला निळा समुद्र खोटा नसतो, तो फक्त भरतीचा असतो.

मला नवल याचं वाटतं की लग्नाचा मुहूर्त काढताना आपण घटका-पळं मोजतो, अक्षता किती वाजून किती मिनिटांनी पडायच्या यावरून गुरुजींशी वाद घालतो, आणि चंद्रावर चालणारा समुद्र बुक करताना मात्र पंचांगाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. तीन दिवस राहणार असाल तर तिन्ही दिवसांच्या वेळा कागदावर लिहून घ्या आणि त्यांच्याभोवती जेवणं बसवा. जावईबापूंनी तक्त्यात आणखी एक रकाना वाढवला, आणि हिरव्यातली निम्मी हॉटेलं पिवळी झाली.

नियम तिसरा : सूर्याची बाजू. घड्याळ आपलंच, पण अंदमान मुंबईच्या वीस रेखांश पूर्वेला. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी साडेपाचला हजर होतो. पूर्वेकडची खोली घेतलीत तर तो थेट पलंगावर येतो. पहाटे पाच वाजता उठून सूर्योदय पाहण्याची हौस सगळ्यांना पहिल्या दिवशी असते. दुसऱ्या दिवसासाठी पडदे जाड आहेत का ते विचारा. हा प्रश्न कोणत्याही परीक्षणात कुणी विचारलेला मी पाहिलेला नाही, आणि लग्नाच्या दगदगीनंतर याच्याइतका मोलाचा दुसरा प्रश्न नाही.

पश्चिमेला राधानगर. 'टाइम'ने 2004 साली आशियातला सर्वोत्तम किनारा म्हणून गौरवलेला. वाळू पिठासारखी, खडक नाहीत, पोहायला ओहोटीचीही फारशी आडकाठी नाही. तिथे हॉटेलं मोजकी आणि महाग. सूर्यास्त झाला की जीवरक्षक शिट्ट्या वाजवून सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात, आणि मग बाजूला काहीही नाही. जेवायला हॉटेलातच. गोविंदनगरच्या बाजूला खाणावळी आहेत, बाजार आहे, जेट्टी जवळ. मधलं अंतर दहा-बारा किलोमीटर, स्कूटर भाड्याने मिळते. माझं मत विचाराल तर मुक्काम पूर्वेला करा आणि दुपारी तीनला राधानगरला जा. पैसे असतील तर शेवटची एक रात्र तिथे काढा. सगळ्या रात्री तिथे काढायच्या तर एकमेकांशी बोलायला पुष्कळ विषय हवेत.

नियम चौथा : बेट निवडताना नात्यांचा विचार करावा. हॅवलॉकची गावं पाहा : राधानगर, कृष्णनगर, श्यामनगर, गोविंदनगर. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना इथे वसवलं, ही वस्ती त्यांची, म्हणून माशाचं कालवण आणि भात फार चांगला मिळतो. शेजारचं नील बेट लहान, शांत, शेतीचं. हॅवलॉकपेक्षा स्वस्तही. पण तिथली गावं रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. म्हणजे नवी नवरी उतरते ती थेट दोन दिरांच्या मध्ये. ज्या मुलीला एकत्र कुटुंबात राहायचं आहे तिला सरावासाठी एक रात्र बरी.

नियम पाचवा : गुलाबाच्या पाकळ्या. नाही म्हणा. मुंग्या येतात.

नियम सहावा ह्यांच्या प्रश्नावलीचा आहे. फोन करून हॉटेलातल्या माणसालाच विचारायचे हे प्रश्न. बेटावर वीज मुख्यतः डिझेलवर चालते आणि अधूनमधून जाते : जनरेटर आहे का? एसी त्यावर चालतो की फक्त दिवा आणि पंखा? जनरेटर आपल्या खोलीपासून किती लांब आहे? (या तिसऱ्या प्रश्नावर पलीकडचा मुलगा पहिल्यांदा गप्प झाला आणि मग खरं बोलला.) आंघोळीचं पाणी गोडं की मचूळ? सकाळची बोट आठला पोचवते आणि खोली दुपारी मिळते, तोवर सामान कुठे ठेवायचं? नाश्ता धरून आहे का? पोळी मिळेल का? पुतणी समोर बसून लाजेने अर्धमेली होत होती. "काका, आम्ही हनीमूनला चाललोय, तपासणीला नाही," असं एकदा म्हणालीही. ह्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला : खिडक्यांना जाळ्या आहेत का?

जाळ्यांचं मात्र गंभीरपणे सांगते. संध्याकाळी वाळूवर मेणबत्त्या लावून जेवण हा प्रत्येक पॅकेजचा मुकुटमणी असतो, आणि त्याच वाळूत वाळूमाश्या असतात. डोळ्यांना धड दिसत नाहीत. चावल्याचं दुसऱ्या दिवशी कळतं आणि खाज आठवडाभर राहते. पाय झाकलेले कपडे घाला, मलम न्या, आणि शक्यतो टेबल वाळूवरून उचलून लाकडी ओट्यावर मांडायला सांगा. छप्पर नसलेलं न्हाणीघर हाही असाच प्रकार. चांदण्यात आंघोळ ही कल्पना छान आहे. बेडकांनाही ती आवडते.

नियम सातवा : आधी बोट, मग खोली. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला खासगी बोट दीड-दोन तासांत जाते, सरकारी बोटीला जास्त वेळ लागतो. हंगामात बोटीची तिकिटं आधी संपतात. खोली हातात आणि बोट नाही असे नवरदेव जेट्टीवर दिसतात, त्यांच्या शेजारी मेंदीभरल्या हातांनी दोन बॅगा धरलेली बायको असते, आणि ती काही बोलत नसते. परतीचंही तसंच. हवा बिघडली की बोटी बंद. 2016 च्या डिसेंबरात हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते, शेवटी त्यांना आणायला नौदलाची जहाजं गेली. म्हणून विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढायची. ती खोली साधी असली तरी चालेल, पण ती हवीच. यावर मी कुणाशी वाद घालणार नाही.

नियम आठवा : पहिला मुक्कामही पोर्ट ब्लेअरलाच, कारण मराठी घरातून अंदमानला निघालेल्या जोडप्याला आजोबांनी एक काम सांगितलेलं असतं. तुम्ही उतरता तो विमानतळच वीर सावरकरांच्या नावाचा आहे, तेव्हा विसरलो म्हणायची सोय नाही. सेल्युलर जेलच्या सात शाखांपैकी तीन आता उभ्या आहेत. वरच्या मजल्यावर सावरकरांची कोठडी. हातात हिरवा चुडा, गळ्यात नवं मंगळसूत्र घातलेल्या मुली त्या लांबलचक व्हरांड्यातून चालताना मी पाहिल्या आहेत. सुरुवातीला नवऱ्याला फोटो काढायला सांगत असतात. कोठडीपर्यंत पोचता पोचता आवाज आपोआप खाली येतो. आत काही नाही. दगड, गज आणि फार उंचावर एवढीशी खिडकी. त्या इमारतीबद्दल विनोद करायचं माझ्या जिवावर येतं, तेव्हा करत नाही. शास्त्राच्या दृष्टीने इतकंच नोंदवते की जेल पहिल्या दिवशी पाहणाऱ्यांची पुढे हॅवलॉकला खोली लहान असल्याची तक्रार सहसा ऐकू येत नाही.

काही किरकोळ कलमं. रोख पैसे न्या, बेटावर एटीएम मोजकी. मगरीचा फलक लावला असेल तिथे पाण्यात उतरू नका, तो शोभेचा नसतो. किनाऱ्यावरचे शिंपले आणि प्रवाळ, मेलेले असले तरी, आणू नका. बंदी आहे आणि विमानतळावर बॅग उघडून काढून घेतात. वन्संसाठी काही न्यायचंच असेल तर सरकारी दुकानातून पावतीसह घ्या.

आणि शेवटचं कलम जोडप्यासाठी नाहीच. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाली, त्यामुळे अंदमानात इंटरनेट पूर्वीपेक्षा बरंच सुधारलं आहे, हॅवलॉकलाही. पूर्वी 'रेंज नव्हती' एवढं सांगून मुलं सुटायची, आता तीही पळवाट उरली नाही. तेव्हा समस्त मावश्या, आत्या, मामा आणि दोन्हीकडच्या आईवडिलांना विनंती : पोचल्याचा एक मेसेज आला की समाधान मानावं. व्हिडिओ कॉलवर समुद्र दाखवायला सांगू नये. जेवलात का हे रात्री विचारू नये. आमच्या ह्यांनाही हे बजावून ठेवलं आहे, तरी त्यांनी पुतणीला तिसऱ्या दिवशी फोन केलाच, जनरेटर खोलीपासून खरंच लांब आहे का ते विचारायला. लांब होता.