सरकत्या बूमची गोष्ट

शिडाच्या छोट्या बोटीत शिडाची खालची कड धरणारी आडवी काठी असते, ती बूम. बोट वळली की ही काठी डोक्याच्या उंचीवरून सपकन या अंगाची त्या अंगाला जाते. कोकणातल्या मचव्याला ही भानगडच नाही. त्याचे शीड वरच्या काठीला, म्हणजे परबाणीला, लटकते आणि खाली मोकळे असते. आपल्या पूर्वजांना डोके इतर कामांसाठी हवे होते, दुसरे काय!

बूम जिथे डोलकाठीला भेटते तो सांधा दोन प्रकारचा असतो, स्थिर किंवा सरकता. आमचा कप्तान सरकत्या पंथाचा. (दोन माणसांच्या डिंगीत सुकाणू धरतो तो कप्तान, उरतो ते वजन. मी वजन.) सरकता सांधा डोलकाठीच्या रुळावर वरखाली होतो. खालची दोरी ओढली की बूम खाली येते आणि शिडाची पुढची कड ताठ होते. सुती शिडे वाऱ्यात ताणून सैल पडत, तेव्हा हे शहाणपणाचे होते. पुढे कमी ताणणारे टेरिलीनचे कापड आले, तरी रूळ राहिलाच. त्यात वारा वाढला की बूम उचलली जाऊ नये म्हणून किकर, म्हणजे बूमपासून डोलकाठीच्या पायथ्याकडे जाणारी दोरी, आवळावा लागतो. किकर तिरका, तो बूमला डोलकाठीत रेटतो, आणि सांधा पावसाळ्यातल्या लाकडी खणासारखा रुतून बसतो. म्हणजे सरकण्याची गरज पडते नेमके तेव्हाच तो सरकत नाही.

मी स्थिर पंथाचा, आणि आमचे दैवत ब्रिग्ज कनिंगहॅम. १९५० साली ले माँच्या मोटारशर्यतीत या अमेरिकन गृहस्थाने अशी कॅडिलॅक आणली, की फ्रेंचांनी तिला राक्षस म्हटले. १९५८ मध्ये ‘कोलंबिया’ बोटीचा कप्तान होऊन त्याने अमेरिकाज कप ही शिडाच्या बोटींची शर्यतही जिंकली. पण त्याचे खरे कर्तृत्व म्हणजे एक भोक. बोटींच्या शर्यतीत शीड डोलकाठीवरच्या दोन काळ्या पट्ट्यांमध्येच मावले पाहिजे. मंद वाऱ्यासाठी शिडाने ती जागा पुरती व्यापली, तर जोराच्या वाऱ्यात ताणायला जागा कुठली? कनिंगहॅमने शिडाच्या खालच्या पुढच्या कोपऱ्याच्या जरा वर भोक पाडले, त्यात दोरी ओवली आणि ओढली. कड ताठ झाली, जास्तीचे कापड खाली चुण्या होऊन बसले, बूम जागची हलली नाही आणि नियमाला ओरखडाही नाही. पुण्यात असता तर सोसायटीचा तहहयात चिटणीस झाला असता.

कप्तान म्हणतो, “अरे, सरकत्यात बूम चार बोटे वर घेता येते, तुझेच डोके वाचते!” खरे आहे. फक्त वारा वाढला की तोच ओरडतो, “खाली ओढ!” आणि ती दोरी वजनाच्या हातात असते.