गोंडवनाची खातेफोड

वडनेर भोलजीत पऱ्हाट्याच्या कुंपणापल्याडून येणारी बातमी एरवी ताजी असते. ही मात्र 30 कोटी वर्षं शिळी होती.

"काकू, आयकलं का? आपन अन् अंटार्क्टिका म्हने शेजारी होतो!"

"कोन सांगते?"

"आमचं पोट्टं. अमरावतीले भूगर्भशास्त्र शिकते ना. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, आपन, सारे एकाच सातबाऱ्यावर होते म्हन्ते. नाव गोंडवन, आपल्या गोंडांच्या मुलखावरून. मंग झाली खातेफोड."

"खातेफोडीले कागद लागते, बाई."

"कागद दगडात हाये. चंद्रपूरकडच्या कोळशाच्या थरात ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाची पानं उमटली हायेत. 1912 साली कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवावरून परततानी सोबत्यांसंग गारठून मेला. त्यायच्या सामानात 16 किलो दगड निघाले, त्यातही थेच पान! अन् पैनगंगेच्या पात्रात, इरई गावाजवळ, खडकावर हिमनदीचे ओरखडे हायेत."

"चंद्रपुरात बर्फ? उन्हाळ्यात कूलर हात टेकते तिथं!"

"तवा आपन दक्षिण ध्रुवाच्या अंगाले होतो ना. वेगेनर नावाचा जर्मन 1912 पासून हेच सांगे. पन थो हवामानवाला. भूगर्भवाल्यांनी इचारलं, एवढी जमीन ढकलते कोन? त्याले धड सांगता आलं नाही. 1930 साली ग्रीनलँडच्या बर्फात गेला बिचारा."

"मंग साक्ष कोनं देल्ली?"

"लय जनांनी. त्यात आपला काळा फत्तर बी. वडनेरात नुसती माती. फत्तर पाहाले बुलडाण्याच्या वाटेनं राजूर घाट चढा लागते. 6 कोटी 60 लाख वर्षांमागं थो लाव्हा होता. थंडा होतानी त्यातले लोखंडी कण पृथ्वीच्या चुंबकाच्या दिशेनं थिजले. इषुववृत्ताशी आडवे, ध्रुवाकडे जावं तसे तिरपे. 1950 नंतर इंग्रज शास्त्रज्ञांनी दख्खनचे दगड मोजले, तर तिरपेपना निघाला दक्षिण गोलार्धातला!"

"म्हंजे आपन समुद्र वलांडून आलो? अजून चालूनच राहिलो का?"

"वर्षाले 5 सेंटीमीटर, ईशान्येकडे. म्हनूनच हिमालय उभा राह्यला."

काकूंचा चेहरा एकदम खुलला. "मंग आमच्या धुऱ्यावरचा दगड भाऊजींनी नाही सरकवला म्हनायचं?"

"दोन्ही वावरं संगंच सरकतात, काकू. तुमचा दगड कोन्तरी हातानंच सरकवला. मोजणी बोलवा."